पहिलं बाळंतपण आणि चौदावी घटनादुरुस्ती

पहिलं बाळंतपण माहेरी. हा नियम कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण तो मोडायचा म्हटलं की दोन्ही घरांत गोलमेज परिषद भरते. सातव्या महिन्यात ओटी भरायची, मग माहेरी जायचं, बारसं आजोळीच आणि सव्वा महिना उलटला की बाळाला घेऊन सासरी परत. माझ्या आईचं असंच झालं, आजीचं तसंच. त्यामुळे आपल्या पिढीत कितीतरी जणांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून भलतंच गाव असतं. माझा नवरा साताऱ्याचा, पण त्याच्या पासपोर्टवर लिहिलंय कराड, कारण कराड त्याचं आजोळ. याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. कुठे जन्मलास याचा उपयोग फॉर्म भरण्यापुरता, तेवढाच.

आमच्या बाबतीत मात्र तो फॉर्मच मोठा झाला. आम्ही दोघंही आयटीवाले, दोघंही एच-वन-बी व्हिसावर, मुक्काम पोस्ट न्यू जर्सी. बाळाची तारीख होती जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यातली. पर्याय दोन. एक, मे महिन्याच्या आत विमानात बसायचं आणि सांगलीला आईकडे जायचं (छत्तीसाव्या आठवड्यानंतर बहुतेक विमान कंपन्या घेत नाहीत, आणि इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर त्याही आधी नाही म्हणतात). दोन, इथेच राहायचं. परदेशात असलेल्या आपल्यातल्या कुठल्याही जोडप्याला हा प्रश्न पडतोच. साधारण गणितही ठरलेलं असतं: तिकडे आई, मावशी, शेक-शेगडी आणि कमी खर्च, इकडे इन्शुरन्स, नवरा हाताशी आणि बाळाला निळा पासपोर्ट.

आणि मग २० जानेवारी २०२५ ला, अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, डॉनल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. आई अमेरिकेत बेकायदा असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानायचं नाही. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या सगळ्या बाळांना लागू. म्हणजे तंतोतंत आम्ही! तीनच दिवसांत सिएटलच्या एका संघीय न्यायाधीशांनी तो आदेश रोखला, हे उघडउघड घटनेच्या विरोधात आहे असं सुनावून. पण मधल्या काळात आपल्या लोकांत जी धांदल उडाली ती विचारू नका. मुदतीच्या आत सिझेरियन करून घेता येईल का, अशी चौकशी भारतीय जोडपी डॉक्टरांकडे करताहेत अशा बातम्या आल्या. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. जे कधी ग्रीन कार्डच्या रांगेपलीकडे बोलत नसत ते घटनादुरुस्तीचे क्रमांक सांगायला लागले.

एखाद्या जुन्या प्रोग्राममधली ओळ बदलायची असली की आपण आधी काय बघतो? ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि कशासाठी लिहिली. ते न बघता ओळ उडवली की रात्री दोनला फोन येतो :) मीही तेच केलं. पुढचे आठ-दहा शनिवार-रविवार, उलट्या आणि झोप यांतून उरलेल्या वेळात, या एका ओळीचा इतिहास वाचला. जिथे जन्म, तिथलं नागरिकत्व. ही ओळ आली कुठून?

तर मंडळी, ही ओळ आली एका बाळापासूनच. १६०३ साली इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक, राज्यं दोन. आता स्कॉटलंडमध्ये जन्मलेला माणूस इंग्लंडमध्ये परका की घरचा? परक्याला इंग्लंडमध्ये जमीन धरता येत नसे, त्यामुळे प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. रॉबर्ट कॅल्विन नावाच्या, जेम्स गादीवर आल्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या एका लहानग्याच्या नावाने जमिनीचा दावा लावला गेला. १६०८ साली निकाल लागला. राजाच्या छत्राखाली जन्मलेलं मूल हे राजाचंच प्रजाजन, सबब जमीन धरू शकतं. एडवर्ड कोक या मोठ्या न्यायाधीशाने हा निकाल लिहून ठेवला आणि इंग्रजी कायद्यात जन्मभूमीचं तत्त्व पक्कं बसलं. लॅटिनमध्ये याला म्हणतात जस सोली, म्हणजे मातीचा हक्क. याच्या उलट जस सँग्विनिस, म्हणजे रक्ताचा हक्क: आईबाप ज्या देशाचे, मूल त्या देशाचं.

आता गंमत बघा. आपण ज्याला हक्क म्हणतो तो सुरुवातीला हक्क नव्हताच, उलट देणं होतं. राजाने तुला जन्मताच संरक्षण दिलं, म्हणून तू जन्मभर राजाचा. ही निष्ठा सोडायची सोय नाही. राजाची बाळावर मालकी होती, बाळाची राजावर नव्हती. ही दिशा उलटी फिरायला पुढची अडीचशे वर्षं आणि एक यादवी युद्ध लागलं.

अमेरिका १७७६ साली इंग्लंडपासून सुटली, पण कायद्याची रीत इंग्लंडचीच राहिली. गोऱ्यांची मुलं जन्मली की नागरिक. गुलामांच्या मुलांचं काय? हा प्रश्न ड्रेड स्कॉट नावाच्या एका गुलामाने कोर्टात नेला. मालकाने त्याला गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात नेऊन ठेवलं होतं, त्यामुळे आपण मुक्त झालो असं त्याचं म्हणणं. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की काळा माणूस, गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही; त्यामुळे संघीय न्यायालयात दावा लावायचाही त्याला अधिकार नाही. पिढ्यानपिढ्या त्याच मातीत जन्मलेल्या माणसांना सांगितलं, की तुमचं रक्त वेगळं, माती कुठलीही असो.

यादवी युद्धानंतर हा निकाल पुसून काढायचा होता आणि तोही असा, की पुढच्या कुठल्या संसदेला किंवा कोर्टाला सहज फिरवता येऊ नये. म्हणून तो थेट घटनेत घातला. १८६८ साली मंजूर झालेल्या चौदाव्या दुरुस्तीचं पहिलंच वाक्य असं आहे, की अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली सर्व माणसं तिची नागरिक आहेत. ‘अधिकारक्षेत्राखाली’ या शब्दावरच आजचं सगळं भांडण आहे.

मला वाटत होतं, की तेव्हा परदेशी लोकांच्या मुलांचा विचार कुणाच्या डोक्यातही नसेल. विषय फक्त गुलामांचा असेल. पण १८६६ च्या सिनेटमधली चर्चा वाचली तर तसं अजिबात नाही. पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन उठून विचारतात, म्हणजे चिनी आणि जिप्सी लोकांची मुलंही नागरिक होणार का? आणि कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस उत्तर देतात, की हो, होणार, आणि व्हायलाच हवीत. कॉनेस स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले, परदेशातून आलेले. कॅलिफोर्नियात तेव्हा चिन्यांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं आणि त्यांच्या बाजूने बोलून मतं मिळण्यासारखी नव्हती. तरी ते बोलले. म्हणजे ही ओळ लिहिताना परक्यांची मुलं लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर होती. नव्हती ती एकाच समाजाची: ज्यांची ती मूळ भूमी, त्या आदिवासींची. १८८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की टोळीत जन्मलेला माणूस या वाक्यात बसत नाही. त्या सगळ्यांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडलं. माती ज्यांची, त्यांनाच मातीचा हक्क शेवटी!

घटनेत लिहिलेलं आणि प्रत्यक्षात पाळलेलं यात अंतर असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. चिनी माणसाला अर्ज करून नागरिक होण्याचीही सोय ठेवली नाही. आणि इथे माझा या गोष्टीतला नायक येतो. वाँग किम आर्क. जन्म १८७३ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील चिनी, तिथे दुकान चालवणारे; पुढे ते चीनला परत गेले. हा इथे राहिला आणि स्वयंपाकी म्हणून काम करू लागला. १८९४ साली तो चीनला गेला, १८९५ च्या ऑगस्टमध्ये कॉप्टिक नावाच्या बोटीने परत आला. बंदरावर अधिकारी म्हणाले, उतरायचं नाही, तू चिनी आहेस. स्वतःच्या गावाच्या बंदरात, गाव समोर दिसत असताना, पुढचे काही महिने हा माणूस बोटीवर अडकून पडला. बोट परत निघाली की दुसऱ्या बोटीवर, ती निघाली की तिसऱ्या.

व्हिसा स्टँपिंगला गेलेल्या आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’मध्ये अडकलेल्या वाचकांना हे वाचून काय वाटेल ते मला माहीत आहे. फरक एवढाच की आपण अडकतो ते आईच्या घरी अडकतो, ताटात आयती पोळी पडते.

चिनी समाजाच्या संघटनेने त्याला वकील दिला. सरकारचं म्हणणं असं, की आईबाप चीनच्या बादशहाची प्रजा, तेव्हा मूलही त्याचंच. २८ मार्च १८९८ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी तो लिहिला आणि लिहिताना ते मागे जाऊन थेट त्या १६०८ च्या स्कॉटिश बाळापर्यंत पोचले. वाँग किम आर्क नागरिक आहे, कारण तो इथे जन्मला. बस. परकीय राजदूतांची मुलं, शत्रूच्या फौजेने व्यापलेल्या भागातली मुलं आणि टोळ्यांमधली मुलं एवढे अपवाद सोडले तर आईबाप कोण आहेत हे विचारायचं नाही.

फक्त एक गोष्ट. त्या निकालात त्याच्या आईवडिलांचं वर्णन करताना, ते तिथे कायमचे राहत होते असं म्हटलेलं आहे. एवढ्या एका शब्दाला धरून आजचे विरोधक म्हणतात, की मग तात्पुरत्या व्हिसावाल्यांना हा निकाल लागू नाही. आता ‘तात्पुरता’ हा शब्द आपल्यापैकी कुणालाही ऐकवा. ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेत पंधरा-पंधरा वर्षं तात्पुरती काढलेली माणसं माझ्याच टीममध्ये आहेत. घर तात्पुरतं, त्याचं कर्ज तीस वर्षांचं.

निकाल जिंकूनही वाँगच्या आयुष्यात फार काही सोपं झालं नाही. १९०१ साली टेक्सासमध्ये एल पासोला त्याला पुन्हा पकडलं आणि नागरिक असल्याचं पुन्हा सिद्ध करायला लावलं. बायको-मुलं चीनमध्येच होती. १९१० साली थोरला मुलगा म्हणून एक तरुण आला तेव्हा अधिकाऱ्यांनी दोघांच्या जबाबातली तफावत दाखवून त्याला परत पाठवलं. कायदा एका बाजूला आणि खिडकीत बसलेला कारकून दुसऱ्या बाजूला, हे तेव्हाही होतंच.

मधल्या काळात १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मग आग लागली आणि नगरपालिकेच्या जन्मनोंदी जळून गेल्या. त्याबरोबर कितीतरी चिन्यांनी सांगितलं, की आम्ही इथलेच, फक्त दाखला जळाला. नागरिक झाल्यावर ते चीनमधून मुलगे आणू लागले, काही स्वतःचे, काही नावापुरते. त्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. मग अधिकारी एंजल आयलंडवर या मुलांना घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या दिशेला, असले प्रश्न विचारून पकडायचे. जन्माच्या एका कागदाला इतकी किंमत आली की त्याभोवती सगळा व्यवहार उभा राहतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता आपल्या लोकांकडे वळू. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो अर्ज करून अमेरिकन नागरिक होऊ शकत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, त्याचाही उपयोग झाला नाही. आधी ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यापैकी अनेकांचं काढून घेतलं. वैष्णोदास बगई नावाचे सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार नागरिकत्व गेल्यावर कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

पण इथे जन्मलेल्या मुलांना हा निकाल लागू नव्हता, वाँग किम आर्कमुळे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इंपीरियल व्हॅली नावाचा शेतीचा पट्टा आहे. तिथे पंजाबी शेतकरी स्थायिक झाले होते. भारतातून बायका आणायला कायद्याने बंदी, म्हणून अनेकांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. १९१३ च्या राज्याच्या कायद्यानुसार नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याला शेतजमीन विकत घेता येत नव्हती. मग त्यांनी काय करावं? जमीन मुलांच्या नावावर. होजे सिंग नाहीतर मारिया राम अशा थाटाच्या नावाचं दुडदुडणारं मूल कागदोपत्री जमीनदार आणि बाप त्याचा पालक! जपानी कुटुंबांनीही हीच वाट धरली होती. १९४६ साली कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिक होण्याची वाट पुन्हा मिळाली, कोटा वर्षाला शंभर माणसांचा. आपल्यासारख्यांची रांग लागली ती १९६५ च्या कायद्यानंतर.

हे सगळं वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण जिला निळ्या पासपोर्टची सोय म्हणतो, ती सोय म्हणून कुणीच केलेली नव्हती. ज्यांच्यासाठी ही ओळ लिहिली आणि ज्यांनी ती कोर्टात टिकवली, त्यांना बाळंतपण इथे की तिथे हा पर्यायच नव्हता. गुलाम बाईला नव्हता, चिनी दुकानदाराच्या बायकोला नव्हता. पर्याय असलेले आपण पहिले. भांडण त्यांचं, फळ आपल्या ताटात.

इथवर मी बऱ्यापैकी सुखात होते. मग आपल्या देशाचा इतिहास काढला आणि थोडी अस्वस्थ झाले.

एप्रिल १९४७. संविधान सभेपुढे मूलभूत हक्कांचा मसुदा आहे, मांडणारे आहेत सरदार पटेल. त्यातलं नागरिकत्वाचं कलम शब्दशः म्हणावं इतकं चौदाव्या दुरुस्तीसारखं आहे: इथे जन्मला आणि इथल्या अधिकारक्षेत्राखाली आहे, तो नागरिक. सभासदांनी शंका काढली, की उद्या परदेशी माणसं इथे सहज आली आणि मूल झालं तर? पटेलांचं उत्तर थोडक्यात असं: दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांना तिथलं नागरिकत्व द्या असं आपण जगाला सांगतो; मग आपणच कोती भूमिका कशी घ्यायची? आणि मूल जन्माला घालण्यासाठी भारतात येणारे परदेशी आहेत तरी किती?

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी सुधारलेलं कलम मांडलं. मसुदा समितीला जवळपास दुसऱ्या कुठल्याच कलमाने इतकी डोकेदुखी दिली नाही, असं ते तेव्हा म्हणाले. मधे फाळणी झाली होती. या चर्चेत विरोधाला उभे राहिले ते आपले विदर्भाचे पंजाबराव देशमुख, पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले. त्यांनी दिलेलं उदाहरण वाचून मी अक्षरशः ताठ बसले. समजा, एक परदेशी जोडपं विमानाने चाललंय, विमान मुंबईला दोन तास थांबलं आणि तेवढ्यात बाई बाळंत झाली, तर त्या मुलाला नागरिकत्व द्यायचं? इतकं स्वस्त नागरिकत्व जगात कुठे नसेल, असा त्यांचा सूर. १९४९ साली! आज अमेरिकन टीव्हीवर जे ऐकू येतं त्यातला एकही मुद्दा नवा नाही. अमरावतीच्या माणसाने तो दिल्लीत पंचाहत्तर वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय. त्यांचा पर्याय रक्ताकडे झुकणारा होता: दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कुणीही हिंदू किंवा शीख, जगात कुठेही असला तरी त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा.

तेव्हा पटेलांची बाजू जिंकली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला नागरिक मानलं. पण पुढे आसामचं आंदोलन झालं, १९८५ चा करार झाला आणि १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यांसाठी नियम बदलला: आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी भारतीय हवा. मग ३ डिसेंबर २००४ पासून आणखी घट्ट: एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नको. म्हणजे आपण मातीकडून रक्ताकडे आलो. अर्थात आपण एकटे नाही. ब्रिटनने, जिथे हे तत्त्व जन्मलं तिथेच, १९८३ पासून ते सोडलं. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये. आयर्लंडने २००४ साली सार्वमत घेतलं आणि ७९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. कॉनेस यांच्या मायभूमीने!

आता जेवणाच्या टेबलावरची मंडळी आठवा. आदेश आला तेव्हा सगळे एकमुखाने म्हणत होते, की बाळाचा काय दोष, ते तर इथे जन्मलं. अगदी खरं. पण पुण्यात आम्ही भाड्याने राहायचो त्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा, त्याची बायकोही तिकडचीच. त्यांची मुलगी पुण्यात जन्मली, मराठी शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा शुद्ध ‘ळ’ म्हणते. आपल्या कायद्याने ती भारतीय नाही. जे अमेरिकेने आमच्या मुलीशी करू नये असं आम्हाला वाटत होतं, तेच आपण तिच्याशी करतो, आणि ते करताना आपल्याला कधी जाणवलंही नाही.

यावर नवऱ्याचं आणि माझं मतभेदाचं भांडण अजून मिटलेलं नाही. तो म्हणतो, आसामच्या माणसाची भीती खरी होती, ती न्यू जर्सीत बसून खोडून काढणं सोपं आहे. कुणाला घरचं म्हणायचं हे ठरवायचा अधिकार देशाला असतोच. मी म्हणते, असेल. पण मग तोच अधिकार अमेरिकेला आहे हेही मान्य कर. इथे येऊन तो थांबतो आणि चहा टाकायला उठतो.

आता आमच्या निर्णयाचं काय झालं ते सांगते. गुलाबी चित्र नको म्हणून माहेरचीही दुसरी बाजू. फिलाडेल्फिया आमच्यापासून दोनेक तासांवर. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या, योग्य उपचार मिळाले नाहीत आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्यांनी प्रबंधाचा विषय कुठला निवडला? प्रसूतिशास्त्र, तेही हिंदूंच्या प्राचीन परंपरेतलं. आपल्या माणसांत असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? माहेरच्या रिवाजात शहाणपण आहेच. सासरी कामाला जुंपलेल्या मुलीला हक्काने आडवं पडता यावं म्हणून तो होता. पण तो रिवाज आहे, उपचार नव्हे.

तर एका रविवारी आम्ही कागद घेऊन बसलो आणि कारणं लिहिली. पहिलं, माझी साखर थोडी वाढलेली होती आणि पहिल्यापासून बघणारी डॉक्टर इथे होती. दुसरं, बाळंतपणाच्या वेळी नवरा जवळ हवा होता. तिकडे गेले असते तर तो दोन आठवड्यांपुरता आला असता. तिसरं, परत येताना माझं स्टँपिंग आणि बाळाचा व्हिसा, ही टांगती तलवार. पासपोर्ट चौथा आला. आणि तो यादीतून खोडून पाहिला तरी निर्णय बदलत नव्हता. इतका इतिहास वाचल्याचा मला झालेला खरा फायदा हा. कोर्टात काय होईल त्यावर बाळंतपण कुठे करायचं हे ठरवावं लागलं नाही. ज्यांना यातून जायचंय त्यांना एवढंच सुचवेन, की यादी करा आणि पासपोर्ट खोडून बघा. उरलेल्या कारणांवर जे ठरतंय ते करा. कारण ती ओळ दीडशे वर्षांत अनेकदा ओढली-ताणली गेली आहे, आणि बाळंतिणीला रात्री पाणी कोण देणार हा प्रश्न मात्र त्याच रात्री सुटावा लागतो.

आई जूनमध्ये आली, बॅगेत अळीव, डिंक आणि बाळंतशोपा घेऊन. म्हणजे मी माहेरी गेले नाही, माहेरच बारा हजार किलोमीटर चालत आलं. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खालच्या न्यायाधीशांना सरसकट देशभर लागू होणारी मनाई देता येणार नाही. आमच्या न्यू जर्सीने स्वतः दावा लावलेला होता, तरी त्या रात्री झोप लागली नाही हे खरं. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी अशा सगळ्या बाळांना एक गट मानून आदेश पुन्हा रोखला. त्याच आठवड्यात आमची मुलगी आली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ घटनात्मक प्रश्नच सुनावणीसाठी स्वीकारला.

कागदांचं म्हणाल तर भारतीय कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलाची वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करून त्याला भारतीय नागरिक ठेवता येतं, पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. आणि अमेरिकन कायदा म्हणतो, की आपल्या नागरिकाने देशात ये-जा करताना अमेरिकन पासपोर्टच दाखवायचा. दोन्ही नियम एकदम पाळून सांगलीच्या आजोबांना भेटायचं म्हटलं तर पोहत जावं लागेल. म्हणून तिला अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. भारतात ती कितीही वर्षं राहू शकेल. मत देऊ शकणार नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकणार नाही. वारसाने मिळेल तेवढीच. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले, कारण त्यांच्या लेखी सातबारा हाच खरा पासपोर्ट.

मोठी झाल्यावर ती विचारेल, मी कुठली? तेव्हा तिला मी एका स्वयंपाक्याची गोष्ट सांगणार आहे, जो स्वतःच्या गावासमोर महिनोन्महिने बोटीवर बसून होता. आणि सुट्टीत पुण्याला गेलो की त्या वॉचमनच्या मुलीशी तिची ओळख करून देणार आहे. तिथे तिने मला पुढचा प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर माझ्याकडे आज तरी नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा.